कपाळावरचा दिवा

लेसोथोच्या डोंगरात, सेमोंकोंगच्या पलीकडे, हा-सेबाते नावाचं गाव आहे. त्या गावात कुणाचाही दिवा बिघडला की तो मोखेथीच्या अंगणात यायचा. रॉकेलचा कंदील असो, उन्हावर चालणारा असो, नाहीतर सायकलीचा. मोखेथी तो आधी कानाशी धरून हलवायचा, मग हुंगायचा आणि मगच उघडायचा.

"काय म्हणतोय दिवा?" असं बायका चिडवायच्या.

"म्हणतोय, मालकीण मला पाडते आणि नाव मांजरीचं घेते."

हे सगळं मागच्या थंडीच्या आधीचं. मागच्या थंडीत त्याचा मुलगा पित्सो गेला. तेव्हापासून बायका दिवा अंगणातल्या दगडावर ठेवायच्या आणि काही न बोलता निघून जायच्या.

मोखेथी कोवळ्या वयात सरहद्द ओलांडून वेल्कोमच्या सोन्याच्या खाणीत गेला होता. फुफ्फुसात दगडाची धूळ बसली तेव्हा त्याला वर, दिव्यांच्या खोलीत बसवलं. पाळीवर जाणारा माणूस खिडकीशी यायचा, आपला पितळी बिल्ला द्यायचा आणि भरलेला दिवा घेऊन जायचा. बिल्ला त्या दिव्याच्या खुंटीवर राहायचा. माणूस वर आला की दिवा परत, बिल्ला परत. पाळी संपल्यावर एखाद्या खुंटीवर बिल्ला दिसला तर खाली कुणीतरी राहिलं आहे हे समजायचं. अशा दिवशी मोखेथी जेवायला उठायचा नाही. तिथेच बसून मनातल्या मनात त्या माणसासाठी प्रार्थना करायचा. पुष्कळदा देवाने ती ऐकली. काही वेळा नाही ऐकली.

त्या खोलीत एक गोष्ट त्याच्या मनात पक्की बसली. दिवा कपाळावरच हवा. डोळा वळेल तिकडे उजेड वळला पाहिजे आणि हात कामाला मोकळे राहिले पाहिजेत. रविवारी ख्रिस्ती देवळात ऐकलेल्या वचनांइतकीच ही गोष्ट त्याला खरी वाटायची.

खाणीने माणसं कमी केली तेव्हा तो खोकला घेऊन घरी आला. दाराच्या आत, भिंतीवर त्याने चार खिळे ठोकले. त्याचा, बायकोचा, मुलगा पित्सोचा आणि मुलगी मोसाचा. झोपायच्या आधी चारही खिळ्यांवर दिवे आहेत ना, हे तो बघायचा.

"सगळे समोर बसलेत, खिळे कसले मोजता?" मापित्सो हसायची.

मापित्सो म्हणजे त्याची बायको. लग्न होऊन आलेल्या मुलीला सासरचे लोक पुढे होणाऱ्या पहिल्या मुलाची आई म्हणून नवं नाव देतात. पित्सो जन्मायच्या आधीच ती पित्सोची आई, मापित्सो, झाली होती. पित्सो गेल्यावरही ती मापित्सोच. विहिरीवर, देवळात, वाण्याकडे सगळं गाव तिला त्याच नावाने हाक मारतं. एकटा मोखेथी मारत नाही. मागच्या थंडीपासून तो तिला नुसतं 'अगं' म्हणतो.

गावाच्या खाली, दरीच्या काठावर पाहुण्यांसाठी एक विश्रामगृह आहे. तिथे जाड टायरच्या डोंगरी सायकली मिळतात. घोड्यांच्या पायवाटेने वर चढायचं आणि अंधार पडला की दिवे लावून खाली उतरायचं, याची शहरातल्या लोकांना फार हौस. आपण अंधार पडायच्या आत घर गाठायला धडपडतो, ही माणसं अंधार पडायची वाट बघत बसतात. पित्सो त्यांच्या पुढे राहून वाट दाखवायचा. अंगाने किरकोळ, पण सायकलवर बसला की शेळीसारखा. कुठल्याही दगडावर चाक टेकवायचा.

मागच्या थंडीत त्याने राजधानीहून, मासेरूहून, नवा दिवा आणला. पाहुणे येण्याआधी तो दिवा लावून एकदा पायवाट पाहून यावी असं त्याच्या मनात होतं. दुपार उतरत होती. अंगणात दोघेच होते, बाप आणि लेक.

"न्ताते, हा मी हँडलला बांधतो," पित्सो म्हणाला. बापालाही न्ताते म्हणायचं आणि वाटेत भेटलेल्या म्हाताऱ्यालाही. "दुकानदार म्हणाला, हँडलला बांध."

मोखेथीला हसू आलं. "इतकी वर्षं जमिनीखाली काढली, फावड्याला दिवा बांधणारा माणूस नाही बघितला मी. तुझ्या दुकानदाराने अंधार कधी पाहिलाय का? त्याच्याकडे भर दिवसा ट्यूब जळते."

पित्सोही हसला आणि त्याने डोकं पुढे केलं. मोखेथीने दिवा त्याच्या हेल्मेटला बसवला. पट्टा मेणाच्या दोऱ्याने शिवला, गाठ दाताने ओढली. बांधणी इतकी पक्की की दुसऱ्या दिवशी पित्सो सापडला तेव्हाही दिवा जागचा हलला नव्हता.

वाटेत पित्सो आत्याच्या अंगणात थांबला होता. आत्या, म्हणजे मोखेथीची बहीण माकाबेलो, ज्वारीची बिअर करते. काठीवर पांढरं फडकं चढलं की बिअर तयार झाली हे गावाला कळतं. त्या संध्याकाळी फडकं वर होतं आणि मोसा आत्याच्या मदतीला होती. तिने भावाला एक डबा भरून दिला. तो प्यायला, काहीतरी थट्टा केली आणि वर गेला. मग धुकं उतरलं. सकाळी गुराख्यांना तो पायवाटेशेजारच्या घळीत दिसला. तोंडाला बिअरचा वास होता.

एवढं गावाला पुरलं. पिऊन गेला आणि पडला. बायकोचे नातेवाईक म्हणाले, देवळातले म्हणाले, मातीला आलेले म्हणाले. मापित्सो काही म्हणाली नाही. फक्त त्या दिवसापासून मोसाने वाढलेलं ताट ती घेत नाही. स्वतः उठून वाढून घेते. मोसा पुन्हा बिअरच्या रांजणाला शिवली नाही. जेवायच्या आधी ती हात धुते ते धुतच राहते. काही आठवड्यांनी तिने विश्रामगृहात जाऊन भावाचं काम मागून घेतलं. दिवसाच्या फेऱ्यांना ती पाहुण्यांना नेऊ लागली. रात्रीच्या फेऱ्या बंदच होत्या.

पुढचं फक्त मोखेथीला ठाऊक होतं.

मातीनंतरच्या रविवारी, प्रार्थना झाल्यावर, तो पित्सोचं हेल्मेट घेऊन एकटाच त्या घळीशी गेला. अंधार पडू दिला. हेल्मेट डोक्यावर चढवलं आणि दिवा लावला. समोर सगळी वाट पांढरी, सपाट. परातीत पीठ पसरावं तशी. दिवसा दिसणारा घळीचा काठ कुठेच नव्हता. थोडं धुकं होतं, त्यावर आपटून उजेड त्याच्याच डोळ्यांत परत येत होता. तो हळूहळू पुढे सरकला आणि त्याला खोकल्याची उबळ आली. खोकता खोकता त्याने हेल्मेट काढून हातात, कमरेशी धरलं. आणि घळीचा काठ काळ्या रेघेसारखा उभा राहिला. प्रत्येक दगडाला सावली आली, प्रत्येक खड्ड्याला तोंड फुटलं.

दिवा डोळ्याशेजारी असला की सावली वस्तूच्या मागे लपते. बघणाऱ्याला खोली कळत नाही. खाणीत माणूस पावलापावलाने चालतो, पायाने चाचपतो, म्हणून तिथे हे कधी कुणाला नडलं नाही. सायकलवरच्या माणसाला चाचपायला पाय नसतो.

तो तिथे बराच वेळ बसून राहिला. घरी आल्यावर सांगायचं असं ठरवलं होतं. घरी मापित्सोच्या खांद्यावर सुतकाचं काळं फडकं टाचलेलं होतं आणि ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. उद्या सांगू, असं मनाशी म्हणाला. दुसऱ्या दिवशी बायका घरी आल्या आणि बिअरचं बोलल्या. तो ऐकत बसला. त्यानंतर प्रत्येक दिवशी ते सांगणं आदल्या दिवसापेक्षा जड होत गेलं. मोसा मोरीशी हात धूत असायची आणि तो चुलीत गोवरी सारत बसायचा. रोज गुडघे टेकून देवाची क्षमा मागायचा. देवाजवळ बोलायला सोपं होतं. देव गावात सांगत सुटत नाही.

या वर्षी पुन्हा थंडी सुरू झाली. एका दुपारी मोसा घरी आली ती सरळ खिळ्यांपाशी गेली. पित्सोचं हेल्मेट दिव्यासकट त्याच्या खिळ्यावर टांगलेलं होतं.

"न्ताते, हे मी नेते. उद्या संध्याकाळी फेरी आहे. म्मे थाकाने म्हणाल्या, तुझी तयारी असेल तर रात्रीच्या फेऱ्या पुन्हा सुरू करू. माझी तयारी आहे." थाकाने म्हणजे विश्रामगृहाची व्यवस्थापक; म्मे म्हणजे आई, पण मानाने कुठल्याही मोठ्या बाईला म्हणतात.

मोखेथीने हातातला स्क्रू खाली ठेवला. "तो दिवा खराब झालाय."

"दर शनिवारी तुम्हीच तो चार्ज करता. मी बघते."

"थंडीत त्याची बॅटरी बसते."

"तारेने अंगावरच्या ब्लँकेटच्या आत घेईन, अंगाच्या उबेला. तुम्हीच शिकवलंय ना?"

तो उठला. पलंगाखालच्या पेटीतून कापडात गुंडाळलेला दुसरा दिवा काढला. हा त्याने मधल्या काळात मासेरूला जाऊन आणला होता. दुकानात त्याने डब्यावरच्या मोठमोठ्या आकड्यांकडे बघितलंही नव्हतं. ट्यूब बंद करायला लावून एकेक दिवा भिंतीवर धरून बघितला होता. मधोमध झगझगीत ठिपका पडणारे बाजूला केले आणि ज्याचा उजेड रुंद, मऊ कडेचा होता तो घेतला. रबरी पट्टा सैल पडतो म्हणून लोखंडी पकड स्वतः बनवली. कुणासाठी, ते त्याने स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

"हा ने. हँडलला बसतो."

मोसाने त्या पकडीकडे बघितलं आणि तिच्या तोंडावर हसू येता येता राहिलं. "फावड्याला दिवा बांधायचा?"

"हे तुला कुणी सांगितलं?"

"पित्सोने. त्या संध्याकाळी. म्हणाला, म्हाताऱ्याने माझी आणि दुकानदाराची दोघांची जिरवली. हसत होता. मी त्याला डबा..." ती थांबली. वर्षभरात हा शब्द तिने तोंडातून काढला नव्हता. "मी त्याच्याच दिव्याने जाणार. शुद्धीत असलेला माणूस त्या दिव्याने ती वाट उतरतो हे एकदा होऊ दे. त्याच्यासाठी नाही तर माझ्यासाठी होऊ दे."

हेल्मेट घेऊन ती निघून गेली. भिंतीवर रिकामा खिळा राहिला. मोखेथीने त्या रात्री अन्नाला हात लावला नाही.

सकाळी तो विश्रामगृहावर गेला. थाकाने पाहुण्यांसाठी पिठाचे गोळे तळत होती, हाताला तेल, झग्याला पीठ.

"न्ताते मोखेथी! या, गरम आहेत. खोकल्याला वाईट, पण जिभेला चांगले."

"मोसाला हँडलचा दिवा घ्यायला सांगा."

"माझ्याकडचे पाहुण्यांना लागतात. वाट दाखवणारी आपल्या दिव्याने जाते."

"मी आणलाय एक. तिला सांगा, हाच लावायचा. तुमचं ऐकेल."

थाकाने खळखळून हसली. "माझं? तिला नको जाऊ म्हटलं तर दार मोडून जाईल. बापावर गेलीय." मग तिने त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं. "बरं, करते आज्ञा. पण कारण काय सांगू?"

"तो जुना दिवा चांगला नाही."

"तुम्हीच बसवलेला ना?"

त्याने आणलेला दिवा पुन्हा कापडात गुंडाळला. कढईत तेल तडतडत राहिलं. जरा वेळाने तो टोपी घालून निघाला.

परतीच्या वाटेवर आत्याचं अंगण. काठीवर पांढरं फडकं होतं आणि अंगणात एकच म्हातारा डबा घेऊन डुलत होता. माकाबेलोने भावाला बघून कमरेवर हात ठेवले.

"काय रे दादा, आजही मान खाली घालून जाणार? माझ्या अंगणात साप बसलाय का?"

"घाईत आहे."

"वर्षभर घाईत आहेस. लोक म्हणतात माकाबेलोच्या बिअरने भाचा खाल्ला. लोकांचं सोड, त्यांची तोंडं काय, भोकं पडलेली मडकी. पण तू तरी एकदा येऊन बस की माझ्याजवळ. ती पोरगी माझ्या कुंपणाकडे बघत नाही. या हातांनी वाढवलीय मी तिला." तिने फडक्याची काठी उगाच सरळ केली. "जा, जा. तुझा दिवा विझेल."

तो गेला. गेला म्हणजे पाय गेले.

संध्याकाळी दरीतून धुकं वर यायला लागलं. आधी घोड्यांचे पाय बुडाले, मग कुंपणं. मोसा दाराशी बूट बांधत होती. ब्लँकेटच्या आत बॅटरी, हनुवटीखाली पट्टा, कपाळावर पित्सोचा दिवा. मापित्सो चुलीशी पाठ करून आंबील ढवळत होती. तिने मुलीकडे बघितलं नाही, पण ढवळणं थांबलं होतं.

मोखेथी म्हणाला, "गोठ्यामागे चल."

"उशीर होतोय, न्ताते."

"चल म्हणतो ना."

गोठ्यामागे पावसाने कापलेला एक चर होता. त्याच्या दोन्ही बाजूंना गुरांच्या खुरांनी तुडवलेली माती वाळली होती. मोखेथीने तिला चराकडे तोंड करून उभं केलं.

"दिवा लाव. समोर काय दिसतं?"

"काय दिसायचंय? माती."

"चर कुठाय?"

"असेल पुढे कुठेतरी. सगळं सपाट दिसतंय."

"चाल."

ती चालली. तिसऱ्याच पावलाला तिचा पाय गुडघ्यापर्यंत खाली गेला आणि ती हातावर पडली. मोखेथीने तिला धरून उठवलं. तिच्या डोक्यावरचं हेल्मेट काढून तिच्याच हातात दिलं आणि तो हात खाली, कमरेशी ओढला.

चराला काठ आला. खुरांचा एकेक ठसा काळ्या पाण्याने भरल्यासारखा दिसू लागला.

मोसा बघत राहिली. तिने हात वर नेला. माती सपाट झाली. खाली आणला. चर उघडला. पुन्हा वर. पुन्हा खाली. तिला काय कळतंय हे मोखेथीला तिच्या मनगटावरून समजत होतं.

"हे तुम्हाला कधी कळलं?" तिने विचारलं. तिची पाठ त्याच्याकडे होती.

'आत्ताच' हा शब्द त्याच्या जिभेवर तयार होता. तेवढ्याने भागलं असतं. तिने नवा दिवा घेतला असता, ती जिवंत परत आली असती, आणि सकाळी सगळं होतं तसंच चाललं असतं. त्याने दीर्घ श्वास घ्यायला बघितलं, छातीत शिट्टी वाजली.

"मातीनंतरच्या रविवारी," तो म्हणाला.

 घरातून पातेल्याचा आवाज आला.

"म्हणजे डबा नाही."

"नाही."

"आत्या नाही."

"नाही."

"मी नाही."

त्याने मान हलवली.

"मला अंधारात मान दिसत नाही. तोंडाने सांगा."

"तू नाही. मी. तो म्हणत होता हँडलला बांधतो. मी त्याला हसलो."

ती वळली. रडत नव्हती. "मी हात धूत होते, न्ताते. तुम्ही चुलीशी बसून बघत होता. आई माझ्या हातचं घेत नव्हती, ते बघत होता. आणि जेवत होता."

"देवाला रोज..."

"देवाने भरला नव्हता तो डबा."

खालून विश्रामगृहाची घंटा वाजली. पाहुणे निघायच्या तयारीत होते. मोसाने हाताने नाक पुसलं. "बांधा तो दिवा. लवकर."

त्याने बांधला. कामाला लागल्यावर हातांना आपापलं ठाऊक होतं. आधी जुन्या ट्यूबचा तुकडा हँडलवर, मग पकड, म्हणजे दगडाच्या हादऱ्याने दिवा फिरणार नाही. ब्रेकच्या तारा दिव्यासमोर येत होत्या, त्यांचा उजेड डोळ्यांत चमकला असता, म्हणून दिवा तारांच्या वर उचलला. तोंड जरा खाली. मग चाक उचलून जमिनीवर आपटून बघितलं. हलला नाही. तेवढ्या कामात ती त्याच्याशेजारी उभी होती आणि त्याला तिच्या श्वासाचा आवाज येत होता. लहानपणी ती अशीच उभी राहून त्याला कंदील दुरुस्त करताना बघायची.

"डोक्यावरचाही असू दे. पण धुक्यात बंद ठेव. वळणापलीकडे बघायचं असेल तेव्हाच लाव."

तिने हेल्मेट पुन्हा डोक्यावर चढवलं. सायकलवर बसली आणि गेली.

मोखेथी गोठ्याच्या भिंतीला टेकून उभा राहिला. धुकं कधी दाट व्हायचं, कधी विरायचं. खूप वेळाने वरच्या धारेवर दिवे दिसले. पुढे एक, मागे पाहुण्यांची रांग. रांग उतरू लागली. पुढचा दिवा बाकीच्यांपेक्षा फिकट होता, जमिनीला धरून चाललेला. तोच तिचा. मोखेथीने टोपी काढली. प्रार्थनेला शब्द आठवेनात. बिल्ला, खुंटी, बिल्ला, खुंटी, एवढंच मनात येत राहिलं.

घळीच्या जागी पुढचा दिवा थांबला.

मागचे दिवे त्याच्यामागे गोळा झाले. धुक्याचा एक लोट मध्ये आला आणि काहीच दिसेना. मोखेथीने भिंतीचा दगड इतका घट्ट धरला की नखाखालून रक्त आलं. वर्षापूर्वी याच वेळी तो घरात बसून आंबील पीत होता. त्याला काही कळलंही नव्हतं.

लोट सरला. पुढचा दिवा तिथेच होता, पण त्याचं तोंड आता आडवं होतं. मोसाने सायकल आडवी लावून घळीच्या काठावर उजेड धरला होता. एकेक पाहुणा त्या उजेडातून बाजूने पुढे जात होता. शेवटचा गेल्यावरही दिवा थोडा वेळ तसाच राहिला. मग कपाळावरचा दिवाही लागला, घळीत खाली बघून पुन्हा विझला. आणि ती उतरली.

पाहुण्यांना पोचवून ती सायकल हातात धरून चढून वर आली. मोखेथी तिथेच होता. तिने अंगणात सायकल भिंतीला लावली, पकड सैल केली आणि दिवा त्याच्या तळहातावर ठेवला. खाणीतून वर आलेला माणूस खिडकीतून देतो तसा, तोंडाकडे न बघता. दिवा कोमट होता. मग हेल्मेट काढून तेही दिलं.

"चल घरात. आंबील गरम आहे."

"मी आत्याकडे झोपणार."

"किती दिवस?"

"आईला तुम्ही सांगा. मी नाही सांगणार. वर्षभर तुमचं ओझं वाहिलं, आता हे नाही वाहणार." ती चार पावलं गेली आणि थांबली. "दिवा चांगला आहे," एवढं म्हणून ती अंधारात उतरली. आत्याच्या अंगणातलं कुत्रं भुंकलं आणि ओळख पटून गप्प झालं.

मोखेथी आत गेला. हेल्मेट पित्सोच्या खिळ्यावर टांगलं, नवा दिवा मोसाच्या खिळ्यावर. चारही खिळ्यांवर दिवे होते. घरात माणसं दोनच. खिळे बघून झोपण्याचा त्याचा जन्माचा हिशेब त्या रात्री चुकला.

"आली का?" चुलीकडे बघतच बायकोने विचारलं.

"आली."

"मग कुठाय? आंबील काढून ठेवलीय तिची."

काढून ठेवली होती खरंच. ताटलीने झाकलेला एक वाडगा चुलीच्या कडेला होता. मोखेथीने त्या वाडग्याकडे बघितलं. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"मापित्सो," तो म्हणाला.

ती दचकली. हातातला पळा तिने खाली ठेवला, झग्याला हात पुसले आणि कंदील उचलून दोघांच्या मध्ये ठेवला, त्याचं तोंड दिसेल असा.

"बोला," ती म्हणाली.

तो मासेरूच्या दुकानदारापासून सांगू लागला.